उधाणाची ओहोटी आणि भांगाची भरती

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझी मुलगी सातवीत आहे. भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा वाचताना ती दोन ठिकाणी अडली. 'उधाणाची ओहोटी' कशी असेल, उधाण म्हणजे पाणी चढणंच ना? आणि 'भांगाची भरती' यातला भांग कुठला, केसांतला की होळीला पितात ती? मला दोन्ही सांगता आलं नाही."

ताई, लेकीला आधी शाबासकी द्या. पाठ करून पुढे जाण्याजोगे हे शब्द नाहीत, आणि ती नेमकी जिथे थांबायला हवं तिथे थांबली आहे.

भांगापासून सुरुवात करतो, कारण त्याचं अर्धं उत्तर व्याकरणातच आहे. पितात ती भांग स्त्रीलिंगी. म्हणून आपण 'भांगेची नशा', 'भांगेचा गोळा' म्हणतो. केसांतला भांग पुल्लिंगी, म्हणून 'भांगात कुंकू', 'भांगाची रेघ'. मराठीत अकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचं सामान्यरूप वाटेची, जिभेची असं ए-कारान्त होतं, नाहीतर भिंतीची, विहिरीची असं ई-कारान्त. 'आ' तिथे येत नाही. तेव्हा पुस्तकातला 'भांगाची' हा एक शब्दच सांगतो की याचा त्या हिरव्या गोळ्याशी संबंध नाही. शिकवणीच्या वह्यांमध्ये 'भांगेची भरती' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. तो एक काना चुकला की अर्थाची वाटच बदलते.

मग हा भांग आला कुठून? मी तो संस्कृत 'भंग'शी जोडतो. दंतचा दात झाला, जंघेची जांघ झाली, तसा भंगचा भांग. केसांच्या भांगात केस दोन बाजूंना मोडलेले असतात, समुद्राच्या भांगात पाण्याचा जोर मोडलेला असतो. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांना मी एकदा बंदरावर विचारलं होतं, आज जाळं का नाही टाकलं? ते म्हणाले, "भांग हाय. पान्याला वढ नाय." सबंध व्याख्या त्या दोन वाक्यांत आली. त्यांचं डोल जाळं खुंटांना बांधलेलं असतं आणि पाण्याची ओढ मासळी त्यात लोटते. ओढच नसेल तर जाळं नुसतं लोंबत राहतं. म्हणून डोलकरांच्या लेखी भांगाचे दिवस सुट्टीचे, जाळी दुरुस्त करायचे.

काकांनी 'पाणी कमी आहे' असं म्हटलं नाही, 'ओढ नाही' म्हटलं. लेकीच्या पहिल्या, उधाणाच्या ओहोटीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. उधाण आणि भांग ही पाण्याच्या उंचीची नावं नाहीत, त्या दिवसांतल्या पाण्याच्या जोराची नावं आहेत. भरती आणि ओहोटी रोज होतात, साधारणपणे दोन-दोनदा, आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. उधाण मात्र रोज येत नाही. ते अमावास्या-पौर्णिमेला, खरं तर त्यानंतर एक-दोन दिवसांत, भरात येतं. त्या दिवसांत पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. तळाशी गेलेलं ते पाणी म्हणजे उधाणाची ओहोटी. अष्टमीच्या आसपास पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं. तो भांग, आणि त्याचीही भरती असते, ओहोटीही असते. झोका जोरात असला की तो पुढेही लांब जातो आणि मागेही, तसंच हे.

आकड्यांत पाहू. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांमध्ये सरासरी सुमारे ३.६ मीटर अंतर असतं, भांगाच्या दिवसांत सुमारे १.४ मीटर. म्हणजे अडीचपटीहून थोडं जास्त. हे प्रमाण थेट आकाशातून येतं. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २.७ कोटी पट, पण तो चंद्राच्या सुमारे ३९० पट लांब आहे. भरती आणणारा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो आणि ३९० चा घन सुमारे ५.९ कोटी होतो. २.७ ला ५.९ ने भागलं की उरतं ०.४६. चंद्राचा जोर १ धरला तर सूर्याचा अर्ध्याहूनही कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी साधारण एका रेषेत येतात आणि जोर मिळून १.४६ होतो. अष्टमीला चंद्र आणि सूर्य काटकोनात असतात, एकाचा जोर दुसऱ्याच्या आड येतो आणि उरतो ०.५४. आता १.४६ ला ०.५४ ने भागून पाहा: २.७. बंदरातलं ३.६ आणि १.४ यांचं प्रमाणही जवळजवळ तेवढंच येतं. हा भागाकार पहिल्यांदा केला त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. सातवीच्या मुलीला तो नक्की जमेल, तिच्याकडून करून घ्या.

इंग्रजीतल्या 'स्प्रिंग टाइड'चं भाषांतर काही ठिकाणी 'वसंत भरती' असं दिसतं. ते चूक आहे. त्या 'स्प्रिंग'चा ऋतूशी संबंध नाही, तो उसळण्यातला आहे. आपल्याकडे 'उधाण' असताना असला शब्द घडवायची गरजही नाही.

'उधाण' या शब्दाचा घोळ मात्र आपणच वाढवला आहे. आनंदाला उधाण, चर्चेला उधाण हे लाक्षणिक वापर मला आवडतात, ते भाषेत मुरलेले आहेत. पण पावसाळ्यात वाऱ्याने लाटा उंच झाल्या की बातमीत 'समुद्राला उधाण' येतं, आणि मुलांच्या मनात उधाण म्हणजे खवळलेला समुद्र असं पक्कं बसतं. वाऱ्याने समुद्र खवळतो, तिथीने उधाण येतं. दोन्ही एकाच दिवशी येऊ शकतात, पण गोष्टी दोन. नारळी पौर्णिमाच घ्या. तोवर पावसाळ्याचा भर ओसरू लागलेला असतो आणि दर्या शांत व्हावा म्हणून कोळी बांधव त्याला नारळ वाहतात. तिथी मात्र पौर्णिमेची, म्हणजे दिवस उधाणाचेच. दर्या निवळत असतानाही उधाण असतं, हे लेकीला सांगा. दोन अर्थ तिच्या मनात वेगळे होतील.

तुम्ही ऐरोलीत राहता म्हणजे ठाण्याची खाडी हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तिला हे डोळ्यांनी पाहता येईल. पण एक फसगत आधीच सांगून ठेवतो. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकरा. हा ढोबळ हिशेब मुंबईचा आहे, खाडीत आत ठाण्यापर्यंत पाणी पोहोचायला आणखी वेळ लागतो. आता ती शाळेतून आल्यावर संध्याकाळी सहा-साडेसहालाच जाणार असेल तर काय दिसेल? अष्टमीला खाडी भरलेली. पौर्णिमेला उघडा चिखल, आणि हिवाळ्या-उन्हाळ्याचे दिवस असतील तर त्यात चोच खुपसून चरणारे रोहित पक्षी. म्हणजे भांगाला पाणी जास्त आणि उधाणाला कमी! घड्याळाची वेळ तीच धरली की निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

म्हणून वेळ धरू नका, खूण धरा. तिवरांचं खोड जवळून पाहिलं की भरतीने सोडलेला चिखलाचा पट्टा दिसतो, वर कोरडी करडी साल आणि खाली ओला काळपट थर. जेट्टीच्या खांबांवरही तो असतो. काठावरून स्पष्ट दिसणारं एखादं तिवर किंवा खांब निवडा. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी भरती ओसरू लागली की ओला थर कुठवर आहे ते पाहून फोटो काढा. अष्टमीनंतर दोन दिवसांनी त्याच तिवराचा पुन्हा काढा. दुसऱ्या फोटोत ओली रेघ खाली आलेली दिसेल, आणि तिच्यावर पौर्णिमेचा जुना चिखल वाळून भेगाळलेला असेल. मधली ती वाळलेली पट्टी म्हणजे उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांच्यातला फरक. तो तिला टेपानेही मोजता येईल.