आमसुलांच्या डब्यातल्या गोळ्या

*मावशी, मी 39 वर्षांची. देवगडजवळ राहते. नवरा मुंबईत नोकरीला, घरी सासूबाई आणि दोन मुलं. आंब्याच्या हंगामापासून थकवा होता, डाव्या बरगडीखाली जड लागायचं. जुलैत रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी 1 लाख 92 हजार. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पाच आठवडे इमॅटिनिब 400 ची रोज एक गोळी चालू आहे. पाकिटं आमसुलांच्या डब्यात लपवते. सासूबाई समोर असल्या की गोळी राहते, अशी सहा वेळा राहिली. मळमळतं, सकाळी डोळे सुजतात. आणि गोळ्या इतक्या स्वस्त कशा? खऱ्या असतील ना? आता हरतालिकेचा निर्जळी उपास, मग घरभर चाकरमानी. तेवढे पंधरा दिवस गोळ्या बंद ठेवू का? गणपती गेले की सासूबाईंना सांगेन.*

नाही गं बाई. पंधरा दिवस सोड, आपल्या मनाने एक दिवससुद्धा नाही. बंद करायची ती डॉक्टरांनी, रक्ताचा रिपोर्ट बघून.

तुझ्या रक्तपेशींत 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं एक बटण तयार झालंय. ते चालूच राहतं, म्हणून पांढऱ्या पेशी टाकी भरून वाहावी तशा वाढत गेल्या. प्लीहा सुजली, म्हणून बरगडीखाली जड. गोळी ते बटण बंद धरून ठेवते, पण साधारण दिवसभरच. म्हणून ती रोजची. हा बदल जन्मानंतर झालेला असतो, तो मुलांकडे जात नाही. (तू विचारलं नाहीस, पण रात्री दोघं झोपली की तोच विचार येत असणार.)

सहा गोळ्या तुला किरकोळ वाटतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 87 रुग्णांवर झालेला अभ्यास 2010 साली छापून आला. ज्यांनी दहातल्या नऊपेक्षा कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर दबण्याचं प्रमाण फार खाली आलं. पस्तीस दिवसांत सहा म्हणजे तू त्या रेघेच्या खाली आहेस. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून मात्र घेऊ नकोस.

स्वस्त म्हणून खोटी नव्हे. हे औषध 2001 साली अमेरिकेत मंजूर झालं तेव्हा भयंकर महाग होतं. त्याच्या सुधारित रूपाला 1 एप्रिल 2013 रोजी आपल्या सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं, म्हणून भारतीय कंपन्यांची गोळी आपल्याला परवडते. बिल मात्र घेत जा.

मळमळीचं एक कारण अर्ध्या पोटी गोळी घेणं असू शकतं. सकाळी वाटीभर पेज पिऊन घाईत गोळी घेत असशील. ती भरल्या पोटी लागते, वर मोठा पेलाभर पाणी. दुपारच्या भातावर घेऊन बघ. डोळ्यांची सूज या गोळीने बऱ्याच जणांना येते. डॉक्टरांच्या कानावर घाल, गोळी अर्धी करू नकोस. कुणी काढा सुचवला तर तोही आधी त्यांना विचार.

निर्जळी उपास आता कुठे बसतो, तूच सांग. हरतालिकेला हात जोड, आणि जेव.

म्हणजे तुझ्या प्रश्नाची गाठ आजारात नाही, लपवण्यात आहे. आणि तू सांगायचं ठेवलंयस गणपतीनंतर! भरल्या घरात, दहा जणांच्या नजरेखाली, तू उपास का मोडलास ते सासूबाईंना ठाऊक नसेल तर पहिला टोमणा त्यांचाच येईल. ठाऊक असेल तर त्याच म्हणतील, "ता जेवतला, तुमका काय त्याचा?" मी स्वतः प्रेशरच्या गोळ्या वर्षभर सुनेपासून लपवल्या होत्या, कशासाठी ते आज आठवतही नाही.

माणसं येण्याआधी सांग. मोदकांची पिठी चाळायला दोघी बसाल ती दुपार चांगली. कॅन्सर हा शब्द टाळू नकोस, पण त्याच दमात गोळी आहे, रोज घ्यायची आहे आणि तिसऱ्या महिन्यात तपासणी आहे हेही सांग. त्या तपासणीत बीसीआर-एबीएल 10 टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे. नवऱ्याला त्या वेळी फोनवर घे.

आणि ती पाकिटं आमसुलांतून काढ आधी, मिठाने ओल धरते. सासूबाईंच्या प्रेशरच्या गोळ्या असतात त्याच फळीवर ठेव. म्हणजे दुपारी पाण्याचा तांब्या दोघींना एकच.