वाचकांचे प्रश्न : वह्यांवरून अडलेलं वाचन

प्रश्न : आमच्या सोसायटीतली सहा-सात निवृत्त मंडळी दर शनिवारी संध्याकाळी जमतात. संतांच्या चरित्रांतून आजच्या जगण्याला काही हाती लागतं का, हे पाहायला आम्ही 'भक्तविजय' लावला. पण दर वेळी गाडी चमत्कारापाशी अडते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तरल्या की नाही, यावर तीन शनिवार गेले आणि दोघांनी येणं बंद केलं. काय करावं? (भांडुप)

तुम्ही पोथी आधी उघडलीत, तिथेच घोटाळा झाला. महिपतींनी भक्तविजय १७६२ मध्ये पुरा केला. तुकोबा गेले १६५० मध्ये. मध्ये ११२ वर्षं. ज्ञानदेवांच्या समाधीपासून मोजलं तर ४६६. महिपती ताहराबादचे कुलकर्णी, दप्तर सांभाळणारे. आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या संतचरित्रकारांच्या आधाराने लिहितो हे ते मोकळेपणाने सांगतात. तेव्हा दोष त्यांचा नाही. चरित्रकाराला साक्षीदार समजून उलटतपासणी घेतली की असंच होणार.

क्रम उलटा करा. आधी संताचे स्वतःचे शब्द, मग त्याच्या काळातल्या माणसांचे, शेवटी चरित्र. तुकोबांच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण संतांनी विचारलं म्हणून त्यांनी आपलं आयुष्य एका अभंगात सांगून ठेवलंय : 'याती शूद्र वैश्य केला वेवसाय'. सरकारी गाथेत ४,६०७ अभंग आहेत, पण प्रत्येक प्रतीत क्रमांक वेगळे. म्हणून सगळ्यांना क्रमांक नाही, पहिलं चरण सांगा, नाहीतर पहिली पंधरा मिनिटं पानं उलटण्यात जातील.

हा एकच अभंग तीन शनिवार पुरवा. एकाने दोनदा मोठ्याने वाचायचा. मग बोलण्याआधी प्रत्येकाने कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या : काय घडलं, त्यांनी काय केलं, त्याबद्दल ते स्वतः काय म्हणतात. दहा मिनिटं पुरतात. लिहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा नियम मात्र मोडू देऊ नका. जास्त बोलणारा एखादा प्रत्येक गटात असतोच.

'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान' हे चरण घ्या. १६२९ ते ३१ चा तो दुष्काळ. पैसा गेला आणि जाताना मानही घेऊन गेला, हे दोन्ही एका ओळीत. पुढच्याच चरणात 'अन्न अन्न' करत गेलेली बायको. मग 'वेवसाय देखे तुटी येतां'. 'तुटी' म्हणजे तोटा. आजही अंदाजपत्रकात आपण 'तूट' म्हणतो तोच शब्द. आणि या सगळ्यानंतर माणूस काय करतो? 'देवाचें देऊळ होतें जें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें.' पडकं देऊळ नीट करावंसं वाटतं. मग एकादशीला कीर्तन, आणि लगेच कबुली की आधी अभ्यासात चित्त नव्हतं. मग येते तुमच्या गटाच्या उपयोगाची ओळ : 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें, विश्वासें आदरें करोनियां.' म्हणजे जे तुम्ही करू पाहताय तेच तुकोबांनी केलं. 'कांहीं' हा शब्द सोडू नका. सगळी गाथा नाही, मोजकी वचनं, तीही पाठ. आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून धृपद धरलं.

वह्यांचा विषय याच अभंगात येतो : 'बुडविल्या वह्या बैसलों धरणें, केलें नारायणें समाधान.' दुसऱ्या एका अभंगात ते 'उदकीं राखिले कागद' असंही म्हणतात. तेव्हा ही कथा मागाहून कुणी रचली असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. शब्द तुकोबांचेच आहेत. पण कागद तरले यावरच रात्र घालवणाऱ्यांनीही बघावं, की त्यासाठी त्यांनी तीन शब्द खर्च केलेत आणि त्याच अभंगात देवाची क्षमा मागितलीय, की 'जनाचिया बोलासाठीं' चित्त क्षोभवलं. लोकांच्या बोलण्याने स्वतःचं आयुष्यभराचं काम पाण्यात घालायची वेळ आलेला माणूस तेरा दिवस तिथून हलत नाही. आमच्या मते शनिवारी चर्चा व्हावी ती या तेरा दिवसांची.

एक धोका सांगून ठेवतो. चौथ्या-पाचव्या बैठकीला कुणीतरी म्हणेल, 'तुकोबांचाही धंदा बुडाला, माझाही बुडाला.' शेअर बाजारात घातलेले पैसे आणि दुष्काळात आटलेलं वाण्याचं भांडवल एका तागडीत बसत नाहीत. साम्य सांगणाऱ्याने आधी दोन फरक सांगायचे, मग साम्य. भक्तविजय त्यानंतर पुन्हा उघडा. लोकांना काय लक्षात ठेवावंसं वाटलं, हे त्यातून फार छान कळतं.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या गावाकडून एक हस्तलिखित पोथी लालबागच्या घरी आणलीय. शेवटी 'शके १७९८ धातानाम संवत्सरे फाल्गुन वद्य २' असं आहे. हे कोणतं साल? पोथी कशी ठेवावी?

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पौषाच्या सुमारास जानेवारी लागतो, म्हणून माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवायचे. तुमची पोथी १८७६ ची नव्हे, १८७७ च्या मार्चच्या आसपासची. चूक होते ती इथेच.

पडताळाही करता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक, शून्य उरलं तर साठावा. १७९८ अधिक १२ म्हणजे १८१०, बाकी १०, आणि साठ संवत्सरांत पहिल्या प्रभवापासून दहावा धाता. जुळलं. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तो शके १५०६ घ्या : १५१८, बाकी १८, अठरावा तारण, आणि नाथांनी 'तारणनामसंवत्सरीं' असंच लिहिलंय. आकडा आणि नाव जुळलं नाही तर लेखनिकाची चूक असेल, किंवा तो शक नसून विक्रम संवत असेल (संवतातून ५७ वजा), किंवा महसुली दप्तरातलं फसली साल असेल (५९० मिळवा). जुळलं तरी एक शंका उरते : नक्कल करणाराने मूळ पोथीतला शक तसाच उतरवलेला असू शकतो.

शक खरा असेल तर तुमच्या घरातल्या कुणीतरी १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात, साताऱ्यासारख्या होरपळलेल्या मुलखात बसून ही नक्कल केली. शाईचा रंग कुठे बदलतो, अक्षर कुठे घाईचं होतं, मध्येच हात बदलतो का, हे पानापानाने टिपून ठेवा.

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात सैल बांधा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका; मुंबईच्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता.

प्रश्न : यजमान गेल्याला पाच महिने झाले. झोप लागत नाही. नणंद म्हणते, एके ठिकाणी संमोहनातून मागचा जन्म दाखवतात, म्हणजे हे का घडलं ते कळेल. संतही पूर्वजन्म मानतात ना? (बोरिवली)

ताई, मानतात. बहिणाबाई शिऊरकरांनी तर आपले मागचे बारा जन्म सांगितलेत, हा तेरावा म्हणून. पण कधी आणि कुणाला ते बघा : १७०० साली, देह ठेवायच्या सुमारास, स्वतःच्या मुलाला, विठोबाला. उत्तर शोधत त्या कुणाच्या दारी गेल्या नव्हत्या. आणि त्याच अभंगांमध्ये त्यांनी हा जन्म कितीतरी बारकाईने मांडलाय : नवऱ्याचा मार, कोल्हापुरातलं वासरू, स्वप्नात भेटलेले तुकोबा. आधी ते अभंग वाचा. रोज दोन पुरे.

संमोहनात माणूस सैल होतो आणि समोरच्याच्या प्रश्नाप्रमाणे चित्रं उभी करतो. 'तुम्ही नदीकाठी आहात, सोबत कोण आहे?' असं विचारलं की कुणीतरी दिसतंच. मालिकेत पाहिलेलं, लहानपणी ऐकलेलं, सगळं त्यात मिसळतं. आणि त्या चित्राबद्दलची खात्री वाढते. ते खरं असण्याची शक्यता वाढत नाही. दुःखातल्या माणसाला 'तू मागच्या जन्मी असं केलंस' हे चित्र मिळालं तर ते काढून टाकणं फार अवघड जातं. आमचं स्पष्ट मत : जाऊ नका.

मागच्या जन्मी आपण पती-पत्नी किंवा प्रियकर-प्रेयसी होतो असं भासवून कुणी शारीरिक जवळीक साधली, तर जादूटोणाविरोधी कायद्याच्या (२०१३) अनुसूचीत तो गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. हे नणंदेलाही सांगा.

पाच महिने झोप नाही, ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. घराबाहेर पडवत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : विहारात रविवारी मुलांना जातककथा, म्हणजे बुद्धांच्या मागच्या जन्मांच्या गोष्टी, सांगतो. 'पूर्वजन्म शिकवताय का?' असं काही पालक विचारतात. (विक्रोळी)

पालकांचा प्रश्न रास्त आहे. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो ही कल्पना बाबासाहेबांनी साफ नाकारली. पण जातकाची बांधणी पाहिलीत तर अडचण सुटते. पाली संग्रहात ५४७ जातकं, आणि प्रत्येकाचे पाच भाग : पच्चुप्पन्नवत्थु म्हणजे आज काय घडलं, अतीतवत्थु म्हणजे पूर्वी काय घडलं, मग गाथा, तिच्या शब्दांचा अर्थ सांगणारं वेय्याकरण, आणि शेवटी समोधान, म्हणजे तेव्हाचा अमुक तो आताचा तमुक. मुलांच्या पुस्तकांत सहसा दुसराच भाग उरतो आणि इसापनीती होते. तुम्ही पहिल्या भागापासून सुरू करा, म्हणजे भर पूर्वजन्मावर नाही, आज काय घडलं त्यावर राहील.

तेहतिसावं सम्मोदमान जातक घ्या. फासेपारधी लावा पक्ष्यांवर जाळं टाकतो. शहाणा लावा सांगतो, एकेकाने एकेका भोकात डोकं घाला आणि सगळे मिळून उडा. जाळं काटेरी झुडपावर टाकून पक्षी निसटतात. पारध्याचा दिवस जाळं सोडवण्यात जातो. बायको रागावते, तो म्हणतो, भांडतील तेव्हा सापडतील. आणि एक लावा उतरताना दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देतो. 'तूच एकटा उचलतोस का जाळं?' इथून सुरू होतं. शहाणा लावा आपला थवा घेऊन निघून जातो, बाकीचे सापडतात.

हे कशावरून सांगितलं? कपिलवस्तूत ओझ्याखाली डोक्यावर ठेवायच्या चुंबळीवरून नातेवाइकांत भांडण पेटलं होतं, त्यावरून. पालीत शब्द 'चुंबट'. विहारात येताना एक चुंबळ घेऊन या, मुलांच्या डोक्यावर ठेवा, आणि भांडण त्यांनाच करून दाखवायला सांगा. समोधान येण्याआधी थांबून विचारा, 'यातला डोक्यावर पाय पडलेला लावा आपल्या चाळीत कोण?' मग मूळ समोधान वाचा : मूर्ख लावा म्हणजे बुद्धांचा विरोधक देवदत्त, शहाणा लावा बोधिसत्त, म्हणजे बुद्ध स्वतः. पालकांना मागे बसवा. मराठीत दुर्गाबाई भागवतांचा अनुवाद आहे, त्यात पहिला भाग शाबूत आहे का ते आधी पाहून घ्या आणि तोच वाचा.

प्रश्न : कल्याण ते सीएसएमटी प्रवासात ज्ञानेश्वरी वाचायची आहे. आठवड्याला एक अध्याय असं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा तेराव्यात सुटली.

सुटणारच. बाराव्यात २४७ ओव्या, तेराव्यात ११७०, अठराव्यात १८१०. अध्याय मोजू नका, ओव्या मोजा. एकूण ९,०३३, रोज २५ धरल्या तर ३६२ दिवस. सकाळी बसायला जागा मिळाली नाही तर परतीच्या गाडीत. बुडालेला दिवस भरून काढायला ५० वाचू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच २५. तेराव्याला ४७ दिवस लागतील, अठराव्याला ७३. ओवी कळली नाही तर समासात पेन्सिलीने फुली मारून पुढे जा. घाटकोपर येईपर्यंत एकाच ओवीवर अडून राहिलात की पुस्तक पिशवीत जातं.