'अपंगत्वावर मात' : नेमकी कुणाची, कशावर?

प्रश्न असा आला आहे: 'द स्ट्रॅटन स्टोरी' (1949) या जुन्या हॉलिवूडपटाबद्दल 'नायक अपंगत्वावर मात करून मैदानात परततो' असं लिहिलं तर चालेल का? आणि 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' हवं का?

व्याकरणाची हरकत नाही. खटकते ती 'मात'. हा शब्द फारसीतून, बुद्धिबळाच्या पटावरून मराठीत आला. मात झाली की डाव संपला. त्यामुळे शत्रूवर, प्रतिस्पर्ध्यावर, फार तर आजारावर मात होते. कापलेल्या पायावर कशी होणार? तो दुसऱ्या दिवशीही नसतोच.

चित्रपटाचा नायक माँटी स्ट्रॅटन हा शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू. 1937 आणि 1938 या दोन्ही मोसमांत त्याच्या नावावर 15-15 विजय होते. नोव्हेंबर 1938 मध्ये शिकारीला गेला असताना स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागली आणि उजवा पाय कापावा लागला. कृत्रिम पायावर उभं राहून तो पुन्हा चेंडू टाकू लागला. 1946 मध्ये टेक्ससच्या एका कनिष्ठ लीगमध्ये त्याने 18 सामने जिंकले. व्हाइट सॉक्सकडून मात्र अधिकृत सामना पुन्हा कधी खेळला नाही. चित्रपटात प्रतिस्पर्धी त्याच्यासमोर मुद्दाम 'बंट' करतात, म्हणजे चेंडू हळूच पुढ्यात टेकवतात, कारण धावत जाऊन तो उचलणं त्याला जड जातं. आता सांगा, मात कुणी कुणावर केली? फलंदाजांवर त्याने केली, हे खरं. पायाशी त्याने जुळवून घेतलं. मराठीत 'जम बसवणे', 'निभावून नेणे' असे चांगले प्रयोग असताना दर 3 डिसेंबरला, अपंग दिनी, मथळ्यांत तीच ती 'मात' येते, याचा मला कंटाळा आहे.

'मात' या चित्रपटांना चिकटते त्याचं कारण त्यांची घडणच तशी आहे. स्ट्रॅटनची भूमिका केली धडधाकट जेम्स स्टुअर्टने. स्ट्रॅटन स्वतः सल्लागार होता. 1952 च्या 'द विनिंग टीम'मध्ये रोनाल्ड रेगनने ग्रोव्हर अलेक्झांडर हा पिचर रंगवला. अलेक्झांडरला अपस्माराचा त्रास होता, पण चित्रपटात त्या आजाराचं नावच घेतलेलं नाही. (मराठीत तरी 'फेफरे', 'आकडी', 'फिट' यांपैकी काहीतरी लिहा. 'एका गूढ आजाराशी झुंज' नको.) वंशाच्या बाबतीतही तसंच: मूळ अमेरिकन खेळाडू जिम थॉर्प 1951 मध्ये गोऱ्या बर्ट लँकेस्टरने साकारला. कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनने 1950 च्या चित्रपटात स्वतःची भूमिका स्वतःच केली, तो अपवाद.

'दिव्यांग' हा शब्द 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवल्यावर सरकारी व्यवहारात रुळला. आजच्या योजनेबद्दल किंवा प्रमाणपत्राबद्दल लिहिताना तोच वापरावा लागतो. पण ज्या चित्रपटाने आधीच माणसाला आदर्श पुतळा केलंय, त्याच्यावर आणखी 'दिव्य' कशाला चढवायचं? 'अपंग' पुरेसा आहे, आणि त्याहून नेमकं हवं असेल तर 'उजवा पाय गमावलेला पिचर'. 'जयपूर फूट लावून खेळला' असं मात्र चुकूनही नको. तो पाय 1960 च्या दशकाच्या अखेरीस घडला.

तुमचं वाक्य मी असं करेन: 'पाय गेल्यावर स्ट्रॅटन कृत्रिम पायावर गोलंदाजी शिकतो आणि प्रतिस्पर्ध्यांवर मात करतो.' 'गोलंदाजी' बेसबॉलला चालते का, हा वाद वेगळा, मला चालते.