मराठी नावांच्या यादीला अक्षरांची पट्टी कशी लावायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पिंपळगावातल्या कृषी सेवा केंद्रासाठी तुम्ही फ्लटरमध्ये (एकाच कोडवरून फोन आणि वेब दोन्हींसाठी ॲप करायचं साधन) ॲप केलंय, वेबवरही तेच चालवायचंय. गिऱ्हाइकांची खाती आणि औषधं, दोन्ही याद्या लांबलचक. फोनच्या काँटॅक्टमध्ये असते तशी अक्षरांची पट्टी उजवीकडे हवी. तयार पॅकेज (दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड) लावून बघितलं, तर सगळी मराठी नावं '#' खाली जाऊन बसली. मी नाशकात असलीच ॲप्स करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅकेज बदलत बसू नका. पहिलं अक्षर ए ते झेडमध्ये आहे का, एवढंच ती बघतात. पट्टी काढणं हे किरकोळ काम आहे. डोकं लावावं लागतं ते कुठलं नाव कुठल्या अक्षराखाली जाणार आणि यादी कुठल्या क्रमाने लागणार, यात.

डार्टचं, म्हणजे फ्लटरच्या भाषेचं, साधं सॉर्टिंग युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या) क्रमांकांवर चालतं आणि तो क्रम आपल्या वर्णमालेचा नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या शब्दकोशात ह नंतर. त्यामुळे गावांच्या यादीत 'कळवण' आधी आणि 'कसबे सुकेणे' नंतर दिसतं, जे उलटं हवं. ॲ चं तर विचारूच नका. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याचा क्रमांक ०९७२ आणि ह चा ०९३९. म्हणजे औषधांच्या यादीत ॲसिटामिप्रिड थेट हेक्झाकोनॅझोलच्याही खाली. त्यात कोणी ॲ एका अक्षराने टाइप करतो, कोणी अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखंच, आत वेगळं. सेव्ह करतानाच दोन्हीचं एक रूप करून टाका.

उपाध्याही तेव्हाच बाजूला काढा. 'श्री.' ठेवलं तर अर्धा तालुका श मध्ये जाईल, 'ह.भ.प.' ठेवलं तर सगळे कीर्तनकार ह मध्ये.

आता अक्षरांचे गट. मी अ-आ-ॲ एकत्र ठेवतो, इ-ई एकत्र, उ-ऊ एकत्र. ङ, ञ, ळ पट्टीवर ठेवायचं कारण नाही. ण मात्र सरसकट उडवू नका. चांदवडजवळ णमोकार तीर्थ आहे, त्या नावाचं दुकान गिऱ्हाईक म्हणून कधीही येईल. सोपा नियम म्हणजे यादीत ज्या अक्षराचं नाव आहे तेवढंच अक्षर दाखवायचं. क्ष आणि ज्ञ शेवटी स्वतंत्र ठेवा, पण मग कोडमध्ये आधी तेच तपासा, नाहीतर क्षीरसागर क मध्ये आणि ज्ञानेश्वर ज मध्ये पडतील. श्र आणि त्र वेगळे काढू नका, त्र्यंबक नावाच्या माणसाला लोक त मध्येच शोधतात.

प्रत्येक नोंदीसोबत गटाचा क्रमांक साठवा. सॉर्ट आधी त्या क्रमांकावर, मग गटाच्या आत मराठी क्रमाने. वेबवर यासाठी जावास्क्रिप्टचा इंटल कोलेटर आहे, तो त्या त्या भाषेच्या क्रमाने शब्द लावतो; भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, द्यायची. डार्टमध्ये अशी सोय मुळात नाही, म्हणून सर्व्हरवरूनच क्रम लावून आणा.

पट्टी काढताना प्रत्येक अक्षराचं वेगळं बटण करू नका. अँड्रॉइडच्या नियमाने बोटाला ४८ डीपी (स्क्रीनवरचं अंतर मोजायचं अँड्रॉइडचं माप) जागा लागते; ३० अक्षरांना १४४० होतात, तेवढा उंच फोन कुठून आणणार? पूर्ण पट्टीला एकच जेस्चर डिटेक्टर, म्हणजे बोटाची हालचाल टिपणारा फ्लटरचा घटक, लावा. पट्टीच्या वरच्या टोकापासून बोटापर्यंतचं अंतर भागिले पट्टीची उंची, गुणिले अक्षरांची संख्या, की अक्षर मिळालं. वेबवर पट्टी साध्या एचटीएमएलने काढलीत तरी हेच गणित, कारण तिथे बोट सरकवलं तरी टच इव्हेंट जिथे सुरुवात झाली त्याच अक्षराला मिळत राहतात. अशा पट्टीला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) 'टच-ॲक्शन: नन' द्या, नाहीतर मागचं पानच सरकायला लागेल.

ओळींची उंची ठरावीक ठेवलीत तर कुठे उडी मारायची ते आधीच मोजता येतं. बोट फिरत असताना ॲनिमेशन देऊ नका, यादी एकदम त्या जागी नेणारं 'जम्प टू' वापरा. ॲनिमेशन बोटाच्या मागे धावत राहतं आणि यादी गचके खाते. अंगठ्याखाली अक्षर झाकलं जातं, म्हणून डावीकडे मोठ्या फुग्यात तेच अक्षर दाखवा. आणि पट्टी अगदी कडेला चिकटवू नका. अँड्रॉइड १० पासून कडेवरून बोट आत ओढलं की 'बॅक' होतं, आणि ते अडवायची मुभा एका कडेला २०० डीपीपुरतीच आहे. तुमची पट्टी त्याहून उंच असणार, तेव्हा थोडी आत घ्या.

एक सांगून ठेवतो, आडनावावर यादी लावलीत तर शिंदे, पवार, पगार, पाटील यांचीच गर्दी होईल आणि प वर बोट ठेवूनही बराच वेळ खाली सरकावं लागेल. वर सर्चचा चौकोन द्याच, तोही नाव, गाव आणि मोबाइल नंबर तिन्हीवर चालणारा. काउंटरवरचा मुलगा बहुधा तोच वापरेल.

तालुक्याच्या ड्रॉपडाउनलाही पट्टी लावू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. जिल्ह्यात तालुके १५. नका लावू.