चर्चला उदारपणे दिलेलं दान पुढच्या पिढ्यांसाठी वारसा ठरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, उदार दानाला 'पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलेला आध्यात्मिक वारसा' म्हणतात, मृत्युपत्रातही चर्चचा वाटा ठेवा असं सुचवतात. यात खरंच तथ्य आहे, की ही पैसे गोळा करायची गोड भाषा आहे? आणि मुलांच्या वाट्यातून काढून द्यावं का?

मी बरीच वर्षं मंडळीचा खजिनदार होतो. अर्पण देणाऱ्यांच्या रांगेत बसलोय आणि उपासनेनंतर दरवाजा लावून ते मोजणाऱ्यांतही बसलोय. त्यामुळे दोन्हीकडचं बोलतो. तथ्य आहे, पण दिलेल्या पैशावरचा आपला हात सोडता आला तरच. नाव आपलं, अटी आपल्या, मान आपला आणि वर आशीर्वादही आपल्याच घरी, असं असेल तर तो व्यवहार झाला. पुढच्या पिढीच्या हाती त्यातलं फारसं काही पडत नाही.

आधी मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुद्र नाणी, टाकणारी बायबलमधली गरीब विधवा घेऊ, कारण दानाच्या प्रवचनात तीच सगळ्यात जास्त राबवली जाते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली ही चारच वचनं वाचली जातात, मागचं-पुढचं गाळून. मागचं वचन काय आहे? शास्त्री लोक विधवांची घरं गिळतात, असं येशू नुकतंच बोललाय. आणि पुढे? तेराव्या अध्यायात शिष्य मंदिराचे प्रचंड चिरे कौतुकानं दाखवतात आणि तो सांगतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्यानं यरुशलेमचं ते मंदिर जमीनदोस्त केलं. म्हणजे त्या बाईनं जिच्या भांडारात आपली सगळी उपजीविका टाकली, ती इमारत पुढे जेमतेम चाळीस वर्षं टिकली.

आता वारसा म्हणजे इमारत असेल, तर तिचं दान फुकट गेलं म्हणायचं. कुणी तसं म्हणत नाही. तिचं नावसुद्धा शुभवर्तमानात नाही, तरी आज आपण तिच्याबद्दल बोलतोय. काही अभ्यासक तर म्हणतात की येशू तिथे कौतुकापेक्षा हळहळ जास्त व्यक्त करतोय: बघा, धर्माच्या नावाखाली गरिबाकडचं शेवटचंही कसं जातं. मला दोन्ही खरं वाटतं. तिचं मन मोठं होतं आणि ज्यांच्या हातात ते पैसे गेले ती व्यवस्था किडलेली होती. एक गोष्ट मात्र प्रत्येक पाळकानं, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूनं, लक्षात ठेवावी अशी आहे. येशूनं तिला 'टाक' म्हटलं नव्हतं. तो समोर बसून बघत होता, बस. गरीब सभासदाकडून जास्त काढायला हा उतारा वापरताना कुणी दिसलं, की मला अजूनही राग येतो.

हात सोडण्याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण दावीद राजाचं आहे. मंदिर आपण बांधावं ही त्याची मनापासूनची इच्छा होती. देवानं नकार दिला, तुझा मुलगा बांधेल म्हणून सांगितलं. अशा वेळी माणूस रुसतो, 'मग बघून घेऊ दे त्यालाच' म्हणतो. दावीदानं सोनं, चांदी, लाकूड, दगड सगळं जमवलं, स्वतःच्या खासगी खजिन्यातलं दिलं, लोकांनाही द्यायला उठवलं, आणि ते सगळं त्या मुलाच्या, शलमोनाच्या, हवाली केलं. 1 इतिहास 29 मधली त्याची प्रार्थना वाचा. हे देणारे आम्ही कोण, सगळं तुझंच, तुझ्याच हातचं तुला दिलं, असा तिचा गाभा आहे. आणि त्या मंदिराला आजपर्यंत सगळं जग शलमोनाचंच मंदिर म्हणतं.

जर्मनीतल्या कलोनच्या कॅथेड्रलची पायाभरणी 1248 साली झाली. सोळाव्या शतकात काम थांबलं आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच तीनशेहून जास्त वर्षं उभी राहिली. 1842 मध्ये काम पुन्हा सुरू झालं ते सरकारी पैसा आणि लोकवर्गणी या दोन्हींवर. 1880 मध्ये ते पूर्ण झालं. ज्यांनी तेराव्या-चौदाव्या शतकात दिलं त्यांना, त्यांच्या नातवांना आणि पणतवांनाही पूर्ण इमारत दिसली नाही. मी इमारतींचा फार भक्त नाही. छप्पर गळत असेल तर दुरुस्त करावं, पण प्रत्येक नव्या पाळकाबरोबर नवं बांधकाम सुरू झालंच पाहिजे असं नाही. तरी आपण बघणार नाही अशा गोष्टीला पैसे देणारी माणसं शतकानुशतकं निघत राहिली, याचं मला नवल वाटतं.

याच्या उलट बाजूलाही इतिहास आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये श्रीमंत लोक जमिनी आणि उत्पन्न लावून द्यायचे, की आपल्या मरणानंतर एका धर्मगुरूनं आपल्याच आत्म्यासाठी कायम मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, म्हणत राहावं. 'कायम' हा शब्द कागदावर होता. 1547 च्या कायद्यानं ही सगळी व्यवस्था बंद झाली आणि मालमत्ता राजसत्तेकडे गेली. यातल्या काही ठिकाणी तोच धर्मगुरू गावातल्या मुलांना शिकवतही असे, आणि तशा काही शाळा नंतरही चालू राहिल्या. बघा काय टिकलं: स्वतःसाठी राखलेलं गेलं, दुसऱ्यांच्या मुलांना मिळत होतं ते काही प्रमाणात राहिलं. त्याआधी तीस वर्षं, 1517 मध्ये, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उठला तो रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी पापक्षमेची पत्रं विकली जात होती म्हणून. आज तशी पत्रं कुणी विकत नाही. पण 'इतकं पेरा म्हणजे तुमच्या मुलाबाळांना शंभरपट मिळेल' असं कुणी सांगतं तेव्हा माल तोच असतो, फक्त पावती बदललेली असते. मलाखी 3:10 त्यासाठी सर्रास वापरलं जातं. त्या वचनात उत्पन्नाचा दहावा भाग मंदिराच्या कोठारात आणायला सांगितलंय ते 'माझ्या घरात अन्न असावं' म्हणून, हे वाक्य मात्र घाईत निसटतं.

लहान रकमेचं काय, असंही तुमच्या मनात असेल. 2 ऑक्टोबर 1792 ला इंग्लंडमधल्या केटरिंग गावात, एका विधवेच्या घरी काही बाप्टिस्ट पाळक जमले आणि त्यांनी एक मिशनरी संस्था काढली. वर्गणीची आश्वासनं जमली 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स. चिठ्ठ्या तपकिरीच्या डबीत गोळा केल्या असं सांगतात. बहुतेकजण तुटपुंज्या पगारावरचे. त्यांच्यातला विल्यम केरी पुढच्या वर्षी बंगालला निघाला. 1800 मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला छापखाना सुरू झाला आणि तिथून कितीतरी भाषांत शास्त्र छापलं गेलं. मराठी नवा करार 1811 चा. त्या डबीत चिठ्ठी टाकणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातल्या एकाही भाषेतलं अक्षर वाचता आलं नसतं. मोठे देणगीदारही लागतात, नाही असं नाही. पण मंडळीची वही मी पाहिलीय. वर्षाचा गाडा ओढतात ते नियमानं थोडं थोडं देणारे. प्रेषित पौलानंही करिंथ शहरातल्या मंडळीला एकदम मोठी रक्कम मागितली नाही. प्रत्येक आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जसं यश मिळेल तसं बाजूला काढून ठेवा, असं सांगितलं.

आता घरातलं. माझ्या मते खरा वारसा इथेच तयार होतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये, आणि मग आईत, युनीकेत होता, असं पौल लिहितो. तिथे कुठल्या निधीचा उल्लेख नाही. मुलं बघत असतात. पैसा हा घरातला देव आहे की नोकर, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. महिनाअखेरच्या कुरबुरीवरून त्यांना ते कळतं. अर्पण देऊन घरी आल्यावर तासभर पाळकाच्या गाडीवरून टोमणे मारणारे आईबाप मी पाहिलेत. त्यांची मुलं पुढे चर्चमध्ये दिसली नाहीत तर दोष फक्त जमान्याचा नाही.

एक नवी अडचण आहे. पूर्वी मूल आईच्या हातातलं पाकीट स्वतः थैलीत टाकायचं. आता देणं मोबाईलवरून होतं, किंवा दर महिन्याला खात्यातून आपोआप जातं, आणि मुलांच्या दृष्टीनं आईबाप काहीच देत नाहीत. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे खरं. पण ते वाहवा मिळवण्याबद्दल आहे, स्वतःच्या मुलांपासून लपवण्याबद्दल नाही. मुलांना सांगा: यंदा इतकं द्यायचं ठरवलंय, म्हणून अमुक गोष्ट आपण पुढे ढकलतोय. आणि कुणाला द्यायचं हे ठरवताना त्यांचं मतही घ्या. चर्चच्या छपराऐवजी आजारी शेजाऱ्याला द्या असं त्यांनी सुचवलं, तर बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं.

हात सोडणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. 2 राजे 12 वाचा. योवाश राजानं मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसा वापरायला याजकांना सांगितलं होतं, पण त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष आलं तरी दुरुस्ती झालीच नव्हती. मग यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ, आत येणाऱ्यांच्या उजव्या हाताला ठेवली. पेटी भरली की राजाचा लेखक आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजायचे, आणि पैसे थेट सुतार-गवंड्यांचं काम बघणाऱ्यांच्या हाती जायचे. पैसा मोजायला एकाहून अधिक माणसं हवीत, हा नियम मी तिथूनच शिकलो. पौलानंही यरुशलेमला मदत नेताना आपल्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, कुणी बोट ठेवू नये म्हणून. ज्या मंडळीत वार्षिक हिशेब सभासदांपुढे येत नाही, खात्यावर एकाच माणसाची सही चालते, किंवा प्रश्न विचारणाऱ्याला 'विश्वास कमी' म्हणतात, तिथे वारसा ठेवू नका. गरजूंना थेट द्या. तेही देवालाच पोचतं.

आणि चुकून कधी गरजेपेक्षा जास्त जमलंच, तर निर्गम 36 आठवा. दर्शनमंडपासाठी, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूसाठी, लोक इतकं आणू लागले की मोशेला छावणीत दवंडी पिटवावी लागली, आता आणू नका. माझ्या खजिनदारीत अशी घोषणा करायचा योग काही आला नाही.

राहिला मुलांच्या वाट्याचा प्रश्न. तिथे शास्त्र तुमच्या पाळकापेक्षा मवाळ आहे. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं, असं सांगून जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूनं चांगलंच सुनावलंय. जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असं 1 तीमथ्य 5:8 म्हणतं. नीतिसूत्रे 13:22 मधला चांगला माणूस तर नातवंडांपर्यंत वतन ठेवून जातो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं लिहिलं होतं की मरताना माझ्यामागे दहा पौंड उरले तर मला चोर म्हणा, आणि तो खरोखर जवळजवळ सगळं देऊन गेला. थोर माणूस. पण त्याला स्वतःची मुलं नव्हती, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून क्रम असा धरा: कर्ज, जोडीदाराचं म्हातारपण, अवलंबून असलेलं किंवा आजारी मूल, आणि मग चर्च. स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलं असतील तर चर्चचा वाटा ठेवायला काहीच हरकत नाही, आणि तो बेतानंच हवा असंही नाही. मृत्युपत्र वकिलाकडून करून घ्या, कारण वारसाहक्काचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत आणि काही ठिकाणी मुलांचा ठरावीक हिस्सा कायद्यानंच राखलेला असतो. पाळकाच्या वैयक्तिक नावावर काही लिहू नका, संस्थेच्या नोंदणीकृत नावावर लिहा. अट घालायचीच तर सैल घाला. 'मुलांच्या शिक्षणासाठी' ठीक आहे. 'अमुक वर्गात अमुक पुस्तकं घेण्यासाठी' असं लिहाल तर पन्नास वर्षांनी त्या पैशाचं काय करायचं हे कुणालाच कळणार नाही. मूळ रक्कम ठेवीत राहावी आणि व्याज वापरावं, की सगळं लगेच खर्चावं, हेही लिहून ठेवा. कमिट्यांची निम्मी भांडणं मी त्यावरूनच पाहिली.

आणि सही करण्याआधी मुलांना समोर बसवून सांगा. त्यांना ते मृत्युपत्र उघडल्यावर कळलं, तर चर्चबद्दल कायमची अढी बसते. ती नाराज झाली तर उगाच वचनं ऐकवू नका. का नाराज आहेत ते विचारा, गरज वाटली तर रक्कम कमी करा, आणि उरलेलं हयातीतच थोडं थोडं देत राहा.