वाचकांचे प्रश्न : विद्यापीठ नेमकं कुणासाठी?

मागच्या अंकात शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द लिहिले होते. त्यावर पत्रं आली. त्यातल्या तीन पत्रांना या वेळी उत्तर देतो. पहिलं पत्र मी चार दिवस उशाशी ठेवलं होतं, म्हणून त्याचं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : माझी मुलगी गडहिंग्लजला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली. तिला कोल्हापूरला एम.एस्सी. करायची आहे. दीर म्हणतात, एवढे मार्क पडलेत तर पुण्याला पाठवा, कोल्हापूरचं विद्यापीठ खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी काढलेलं आहे. मला ते पटत नाही, पण उलट उत्तरही देता येत नाही. हे विद्यापीठ कशासाठी काढलं होतं, ते सांगाल का?
– एक आई, चंदगड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या दिरांचं अर्धं म्हणणं खरं आहे. खेड्यापाड्यातल्या पोरांसाठीच काढलं. मी त्यातलाच एक. खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. पण म्हणून ते हलकं, हे त्यांनी कुठून आणलं ते मला कळत नाही.

आधी थोडं मागं जाऊ. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, नंतर ती पुण्याला जोडली गेली. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होतं, सांगलीत विलिंग्डन १९१९ पासून. म्हणजे कॉलेजं होती, पण पेपर काढणार कोण, अभ्यासक्रम ठरवणार कोण, पदवी देणार कोण, तर सगळं दूरच्या शहरात. एम.ए., एम.एस्सी. करायची म्हटलं की बहुतेकांना ट्रंक उचलून पुणे-मुंबई गाठावी लागे. तिथं खोलीचं भाडं आणि खाणावळीचे पैसे कुणाच्या घरात होते? ज्यांच्या होते ते शिकले.

तुमचा चंदगड तालुका तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तिथल्या माणसाला पुणं किती लांब वाटत असेल, याचा विचार करा.

दुसरीकडे या मुलखात शाळेची भूक मोठी होती. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढं साताऱ्याला, कऱ्हाडला कॉलेजं सुरू केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी तर कोल्हापुरात विद्यापीठ व्हावं हा विचार स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी मांडला होता. म्हणजे शाळा झाली, हायस्कूल झालं, कॉलेज झालं, आणि शेवटची पायरी तेवढी नव्हती.

ती पायरी १९६२ साली बांधली गेली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि पाटणचे बाळासाहेब देसाई यांनी त्यासाठी फार खटपट केली. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. ती तारीख नीट बघा. सरहद्दीवर चीनशी लढाई चालू होती. त्याच आठवड्यात यशवंतराव मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. देशावर असा प्रसंग असताना हा समारंभ पुढं ढकलला असता तरी कुणी बोललं नसतं. तो ढकलला नाही, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

सुरुवातीला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी एवढा मुलूख होता. ३४ कॉलेजं, सुमारे १४,००० विद्यार्थी आणि विद्यापीठात स्वतःचे ५ पदव्युत्तर विभाग. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. ते इतिहासाचे माणूस. कुलगुरूपदाचा व्याप सांभाळत त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड संपादित केले आणि विद्यापीठानं ते छापले. नव्या विद्यापीठानं आधी इथल्या मातीतली कागदपत्रं वाचायला घ्यावीत, हे मला फार योग्य वाटतं. मी एम.ए.ला असताना ग्रंथालयात ते खंड उघडून बसायचो. आमच्या घरात कागद म्हणजे सातबारा आणि सोसायटीची नोटीस. कागदावर अभ्यासही होतो, हे मला तिथं कळलं.

आता माझं सांगतो, म्हणजे ‘कुणासाठी’ याचं उत्तर मिळेल. मी १९७६ साली कोल्हापुरात उतरलो तेव्हा हातात पत्र्याची पेटी होती आणि खिशात तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला. ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठीची फीची सवलत नसती तर मी कॉलेजचं तोंडही बघितलं नसतं. ती यशवंतरावांच्या सरकारनं आणलेली. माझ्या अर्जावर पालकाच्या सहीच्या जागी वडिलांचा अंगठा होता. तलाठ्याच्या चावडीत शाई जरा जास्त लागली आणि अंगठ्याच्या रेषा न उमटता नुसता निळा ठिपका उमटला. कारकुनानं तो अर्ज उजेडाकडे धरून बघितला. आता परत पाठवतो की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. त्यानं काही न बोलता खाली ‘निशाणी डावा अंगठा’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि अर्ज ठेवून घेतला.

राहायचा-जेवायचा प्रश्न ‘कमवा आणि शिका’नं सोडवला. ही मूळची कर्मवीरांची शिकवण, विद्यापीठानं ती पदव्युत्तर मुलांसाठी चालवली. दिवसातले काही तास बागेत, कार्यालयात, ग्रंथालयात काम करायचं, उरलेल्या वेळात वर्ग आणि अभ्यास. माझ्या खोलीतले दोघंही घरातले पहिले पदवीधर होते. एकाचे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, दुसऱ्याचे मुंबईत गिरणीत.

पुढं मी परीक्षा विभागात नोकरीला लागलो. उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांची पोती यायची, तोंडाला सुतळी आणि गाठीवर लाखेची मोहोर. एक अक्कलकोटचं, एक जतचं, एक तुमच्या चंदगडचं. चंदगडचं पोतं वळवाच्या पावसात भिजून आलं तर आम्ही गठ्ठे पंख्याखाली पसरून वाळवायचो. एकाही मुलाचा पेपर आमच्या हातून खराब होता कामा नये, एवढंच डोक्यात असायचं. पदवी-प्रमाणपत्रावर तेव्हा नाव हातानं लिहायचो. एका नावाला दोन-तीन मिनिटं लागत. शाई वाळेपर्यंत हात बाजूला धरून बसायचं. किती नावं लिहिली ते मोजलं नाही, पण त्यात घरातला ‘पहिला’ पदवीधर आणि घरातली ‘पहिली’ किती असतील, याचा अंदाज मला आहे.

आता दर्जाचं. २०२१ साली नॅकनं, म्हणजे विद्यापीठं-कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं, या विद्यापीठाला ३.५२ गुणांसह ‘ए प्लस प्लस’ दिलं. तुमच्या मुलीचा विषय फिजिक्स. तो तर इथला नावाजलेला विभाग. पातळ थरांवरचं, म्हणजे थिन फिल्मचं संशोधन तिथं कित्येक वर्षं चाललंय. दिरांना एवढंच विचारा, की पुण्यातल्या कुठल्या विभागात, कुठल्या विषयावर काम करायला तिला पाठवायचं म्हणता? त्यांच्याकडे नेमकं उत्तर असेल तर जरूर विचार करा. पुण्यात चांगल्या प्रयोगशाळा आहेत आणि मुलीला तिकडंच जायचं असतं तर मीच म्हणालो असतो, पाठवा. पण तिला कोल्हापूर हवंय. मुलींची वसतिगृहं आवारातच आहेत. सणाला एसटीनं घरी येता येईल. प्रवेशाआधी तिला एकदा विभागात घेऊन जा, प्रयोगशाळा बघू द्या, तिथं शिकणाऱ्या मुलींशी बोलू द्या. तुम्हीही सोबत जा, ताई. फाटकाबाहेर थांबू नका.

प्रश्न : मी १९९६ साली बार्शीतून बी.कॉम. झालो. घर बदलताना पदवी-प्रमाणपत्र गहाळ झालं. सोलापूरला विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे नाही. आमचा जिल्हा तर आता त्यांच्याकडे आहे. मग मी कुणाचा?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, तुम्ही कोल्हापूरचे. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. एकाच जिल्ह्यासाठी निघालेलं ते विद्यापीठ आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं आहे. १९९६ ची तुमची परीक्षा शिवाजी विद्यापीठानं घेतली, त्यामुळं निकालाची नोंदही तिथंच. दुय्यम प्रतीसाठी अर्ज तिकडं करा. पोलिसांकडची गहाळ झाल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. जुनी गुणपत्रिका असेल तर तिची झेरॉक्स आवर्जून जोडा. बैठक क्रमांक, वर्ष आणि सत्र बरोबर असेल तर नोंद लवकर सापडते. नुसतं ‘१९९६ साली पास’ एवढ्यावर रजिस्टर शोधायचं म्हणजे माणसाची दुपार जाते, हे मी अनुभवानं सांगतो. आणि त्या वेळचं आडनाव, वडिलांचं नाव जसं कागदावर होतं तसंच लिहा. पुढं आधार कार्डावर बदललं असेल तर ते वेगळं सांगा.

सोलापूर वेगळं झालं तेव्हा आमच्या विभागात हळहळ वाटली होती. पण सांगोल्याच्या, अक्कलकोटच्या मुलाला साध्या कामासाठी कोल्हापूर गाठावं लागे, तेही आम्ही खिडकीतून रोज बघत होतो. पुणं लांब पडतं म्हणून कोल्हापूर झालं आणि कोल्हापूर लांब पडतं म्हणून सोलापूर. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

प्रश्न : मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एन.एस.एस.मध्ये आहे. विद्यापीठाची ८५३ एकर जागा आहे म्हणतात. एवढी जागा मोकळी का ठेवली? आणि आम्हा मित्रांना आमच्या गावच्या माळावर झाडं लावायची आहेत. गेल्या वर्षीची सगळी वाळली. काय चुकलं असेल?
– एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, ती जागा मोकळी नाही. तुला हिरवी दिसते म्हणून मोकळी वाटते. मी आलो तेव्हा विद्यापीठाच्या या सागरमाळावर मैलभर नजर जाईल अशी उघडी जमीन होती. मुख्य इमारत, समोर १९७४ साली उभारलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, बी. आर. खेडकरांनी घडवलेला, आणि बाकी बराचसा मुरूम. उन्हाळ्यात वारा सुटला की वहीच्या पानावर लाल धूळ बसायची. ‘कमवा आणि शिका’त माझ्या वाट्याला पहार आली. सकाळी आम्ही खड्डे काढायचो. वीतभर माती आणि खाली असा मुरूम की पहार आपटली की मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. एका सकाळी एका मुलाचे दोन खड्डे झाले तरी आमचे मुकादम खूश व्हायचे.

पाण्याचंही तसंच. पाऊस पडायचा आणि उतारानं वाहून जायचा. पुढं विद्यापीठानं तळी केली, विहिरींत पाणी धरून ठेवलं, उताराचं पाणी अडवलं. याला कितीतरी वर्षं लागली आणि त्यात कितीतरी शिपाई, माळी, विद्यार्थी खपले, ज्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. २०१९ च्या महापुरात शहराचे उपसा पंप पाण्याखाली गेले. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी शहराची गत झाली. त्या दिवसांत विद्यापीठाचं पाणी लोकांना दिलं गेलं. मी निवृत्त झालो होतो. कळशी घेऊन मीही रांगेत उभा होतो. मोकळी जागा कशाला, असं कुणी विचारलं की मला ती रांग आठवते. ‘ज्ञानमेवामृतम्’ हे विद्यापीठाचं ब्रीद मी चाळीस वर्षं कागदांवर छापलेलं बघत होतो. त्या दिवशी कळशीतलं पाणी बघून तेच आठवलं.

आता तुमच्या माळाचं. तुम्ही खड्डे जुलैत काढले असणार, लावणीच्याच दिवशी. माळावर ते चालत नाही. खड्डा एप्रिल-मे मध्ये काढा, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, आणि पाऊस येईपर्यंत उन्हात तापू द्या. निघालेला मुरूम परत आत टाकू नका. तळ्याचा गाळ किंवा शेतातली माती आणि शेणखत भरा. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला मुरमाचा अर्धगोल बांध घाला, म्हणजे वाहतं पाणी तिथं थांबेल. शंभर झाडांचा हट्ट धरू नका. जितक्या झाडांना पहिले दोन उन्हाळे तुम्ही स्वतः पाणी घालू शकाल तितकीच लावा. वड, पिंपळ, करंज, कडुनिंब ही माळावर तग धरतात. रोप कमरेइतकं उंच घ्या आणि शेळ्यांपासून जपा.

मे महिन्यात खड्डे काढायला घेतलेत तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. पहार मारायला आता जमणार नाही, पण बांध कुठल्या बाजूला घालायचा ते दाखवायला येईन.