तळपायांची आग आणि प्रीगाबालिनची कॅप्सूल

प्रश्न : माझी आई 69 वर्षांची असून तिला 16 वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षभरापासून तिच्या तळपायांची इतकी आग होते की रात्री पायांवर चादरही सहन होत नाही. ती उठून गार फरशीवर पाय टेकून बसते. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी प्रीगाबालिन 75 मि.ग्रॅ. आणि मिथाइलकोबालामिन (बी-12 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) एकत्र असलेली कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ सुरू केली. आग बरीच कमी झाली, झोप लागू लागली. मात्र दिवसभर गुंगी असते, पावलांवर सूज आहे आणि गेल्या आठवड्यात पहाटे न्हाणीघरात जाताना तिचा तोल गेला. तिचे वजन 50 किलो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालते हे दाखवणारी रक्ततपासणी) 1.2 आहे. गुडघ्यांसाठी ती अधूनमधून ट्रॅमाडॉल घेते. प्रीगाबालिनची सवय लागते असे ऐकल्याने ते लगेच बंद करावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लगेच बंद करू नका, पण आहे तसेच चालूही ठेवू नका. प्रीगाबालिन एकाएकी थांबवल्यास झोप उडणे, मळमळ, घाम आणि अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो, म्हणून ते निदान आठवडाभरात टप्प्याटप्प्याने कमी करतात. ही घट डॉक्टरांनीच ठरवून द्यावी, आणि त्यासाठी पुढच्या तपासणीची वाट न पाहता या एक-दोन दिवसांतच त्यांना भेटा.

हे औषध नस बरी करत नाही, मधुमेहाने दुखावलेल्या नसेकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांचा जोर कमी करते. चाचण्यांमध्ये दहापैकी साधारण तीन-चार रुग्णांनाच वेदना निम्म्यावर आल्याचा अनुभव येतो. तुमच्या आईंना झोप लागते आहे, म्हणजे त्या या थोड्यांपैकी असाव्यात, आणि हा लाभ सहज सोडून देण्यासारखा नाही.

माझ्या मते खरी अडचण मात्रेची आहे. प्रीगाबालिन जवळजवळ जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. क्रिएटिनिन 1.2 हा आकडा अहवालात फारसा वाईट दिसत नाही, परंतु वय, वजन आणि स्त्री असणे हे सारे धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर तुमच्या आईंच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे 35 मिलिलीटर येते. ही क्षमता 30 ते 60च्या दरम्यान असताना सुरुवात दिवसाला एकूण 75 मि.ग्रॅ.पासून करायची असते. त्यांना 150 मिळत आहे. गुंगी, सूज आणि तोल जाणे या तिन्ही गोष्टी त्यातून उद्भवू शकतात. अशा कृश, वयस्क रुग्णांबाबत ही चूक इतक्या सहज घडते की डॉक्टरांना हा हिशेब मोकळेपणाने विचारण्यात तुम्ही मुळीच संकोच करू नये.

ट्रॅमाडॉलची बाब मला अधिक गंभीर वाटते. प्रीगाबालिनसोबत ट्रॅमाडॉलसारखे अफूवर्गीय वेदनाशामक घेतल्यास श्वास मंदावू शकतो आणि वयस्कांना हा धोका जास्त असतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2019मध्ये दिला आहे. डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत ट्रॅमाडॉल घरच्या घरी देऊ नका. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषधही नको. आईंना उठवणे अवघड झाले किंवा श्वास संथ वाटला, तर तडक रुग्णालयात न्या.

सवयीची भीती अगदी निराधार नाही. गैरवापर वाढल्यामुळे ब्रिटनने एप्रिल 2019पासून हे औषध नियंत्रित वर्गात घातले. मात्र पूर्वी कसलेही व्यसन नसलेल्या आणि ठरवून दिलेल्या मात्रेतच औषध घेणाऱ्या व्यक्तीला हा धोका कमी असतो. तुमच्या आईंच्या बाबतीत मला पडून खुब्याचे हाड मोडण्याची काळजी त्याहून कितीतरी अधिक वाटते.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर तेही सूज वाढवते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल तर बी-12ची पातळी कमी झालेली असू शकते, आणि ती कमतरता स्वतःच तळपायांची आग वाढवते. ही तपासणी अजून झाली नसेल तर करून घ्यावी. एकत्रित कॅप्सूलऐवजी प्रीगाबालिन वेगळे मागा, कारण मात्रा थोडी-थोडी बदलायला ते सोयीचे पडते. कमी मात्रेत आराम टिकला नाही तर नसांच्या वेदनेवरील ड्युलॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा विचार करता येतो, अर्थात मूत्रपिंडांची स्थिती पाहूनच. नडगीवर अंगठा काही क्षण दाबून धरल्यावर खळगा राहतो का, हे रोज सकाळी पाहा. खळगा वाढत असेल किंवा धाप लागत असेल तर त्याच दिवशी कळवा.

तोवर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री दिवा राहू द्या, आणि पहाटे आईंनी उठताना तुमच्यापैकी कोणाला तरी हाक मारावी.